हाड कमी आहे म्हणाले? आखूड इम्प्लांट समजून घेताना

"डॉक्टर, हाडच नाही म्हणाले." असं सांगत खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर बहुधा पोकळ झालेला जबडा असतो. हाड असतं हो. उंचीला कमी असतं, एवढंच. म्हणून अशा वेळी पहिला प्रश्न हाच विचारायचा: कमी म्हणजे नेमकं किती? ७ मिलिमीटर उरलेल्यालाही 'कमी' म्हणतात आणि ३ मिलिमीटर उरलेल्यालाही, पण दोघांचे पुढचे रस्ते अगदी वेगळे आहेत.

ज्यांना इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या मुळाच्या जागी हाडात घट्ट करायचा टायटॅनियमचा स्क्रू, बसवायचंय, 'ग्राफ्ट करावं लागेल', म्हणजे भर घालून हाड वाढवावं लागेल, हे ऐकून जे धास्तावलेत आणि 'आखूड इम्प्लांट' हा शब्द ज्यांनी पहिल्यांदाच ऐकलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. हे माझं रोजचं काम असल्यामुळे मधूनमधून माझी मतंही येतील. ती मतं म्हणूनच घ्या.

हाड जातं कुठे

दाताच्या मुळाभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात काढला की त्याला काम उरत नाही आणि शरीर ते हळूहळू मोडीत काढतं. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी जवळपास निम्म्याने घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीनच महिन्यांत होते. उंची त्यामानाने सावकाश जाते, पण जाते. त्यावर वर्षानुवर्षं कवळी दाबली जात असेल किंवा दात पायोरियाने गेला असेल, तर झीज आणखी वाढते.

मागच्या दाढांच्या भागात आणखी एक अडचण असते. वरच्या जबड्यात दाढांच्या वर सायनस असतो, म्हणजे हवेची पोकळी. दाढा गेल्या की ही पोकळी खाली उतरते. म्हणजे हाड खालून झिजतं आणि वरून पोकळी त्यावर चढाई करते. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून एक नस जाते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना तीच पुरवते. ती जागची हलत नाही. तिच्यावरचं हाडाचं छप्पर तेवढं पातळ होत जातं. आखूड इम्प्लांटची सगळी गोष्ट या दोन मर्यादांभोवती फिरते: वर सायनस, खाली नस.

आखूड म्हणजे किती आखूड

पूर्वी १० मिलिमीटरपेक्षा कमी लांबीच्या इम्प्लांटला आखूड म्हणायचे. आता साधारण ८ किंवा त्याहून कमी लांबीला आखूड आणि ६ किंवा त्याहून कमी असेल तर अतिआखूड म्हणतात. ४ मिलिमीटरचीही मिळतात.

"एवढासा स्क्रू दाढेचा भार कसा पेलणार?" हा प्रश्न रास्तच आहे. एके काळी डॉक्टरांनाही तो पडायचा. स्वीडनमधल्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमची इम्प्लांट बसवली. त्या काळातल्या इम्प्लांटचा पृष्ठभाग गुळगुळीत असायचा आणि त्यातली आखूड इम्प्लांट जास्त प्रमाणात निकामी व्हायची. 'जितकं लांब तितकं चांगलं' हा समज तिथूनच रुजला. १९९० च्या दशकात वाळूचा मारा करून आणि आम्लाने खरवडून मुद्दाम खडबडीत केलेले पृष्ठभाग आले आणि गणित बदललं. तेवढ्याच लांबीवर हाडाला धरायला कितीतरी जास्त जागा मिळू लागली.

दुसरी गोष्ट भाराची. भिंतीत ठोकलेल्या खुंटीवर वजन लटकवून पाहा. गिलावा आधी सुटतो तो भोकाच्या तोंडाशी, आतल्या टोकाशी नाही. इम्प्लांटचंही तसंच आहे. चावण्याचा बहुतेक ताण हाडाच्या वरच्या काही मिलिमीटरमध्येच येतो. त्यामुळे खाली आणखी ४ मिलिमीटर लांबी वाढवून जेवढा फायदा होतो, त्यापेक्षा जाडी थोडी वाढवल्याने जास्त होतो. म्हणूनच आखूड इम्प्लांट सहसा जाडसर असतात, ४ मिलिमीटर व्यासाची किंवा त्याहून जास्त.

पहिली पायरी: मोजमाप, आणि तेही तुमच्या डोळ्यांसमोर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा तो लांबट एक्स-रे, अंदाज घ्यायला ठीक आहे. पण त्यात प्रतिमा मोठी दिसते, साधारण २० ते २५ टक्क्यांनी, आणि हाडाची रुंदी तर दिसतच नाही. १४ मिलिमीटर हाड असेल तर एखाद्या मिलिमीटरची चूक खपून जाते. ८ असेल तर नाही. म्हणून सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, हवाच.

स्कॅन झाला की डॉक्टरांना सांगा, "मोजपट्टी कुठून कुठे धरली ते मला दाखवा." लाजू नका. पडद्यावर जबड्याचा आडवा छेद दिसतो. कडेला पांढरी जाड रेघ, आत जाळीदार करडा भाग आणि खालच्या जबड्यात त्या करड्या भागात एक काळसर गोल. तो गोल म्हणजे नसेचा बोगदा.

आता हिशोब करून पाहू. समजा, हाडाच्या माथ्यापासून त्या काळ्या गोलाच्या वरच्या कडेपर्यंत ९ मिलिमीटर भरले. वाटतं, ८ चं इम्प्लांट आरामात बसेल. पण नसेच्या वर २ मिलिमीटर मोकळे सोडायचे, हा सुरक्षिततेचा नियम. उरले ७. हाडाचा माथा सुरीच्या धारेसारखा निमुळता असेल तर तो थोडा सपाट करावा लागतो, त्यात आणखी १ गेला. उरले ६. शिवाय बऱ्याच ड्रिलचं टोक त्यावरच्या खुणेपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर पुढे जातं, तेही त्या २ मधूनच वळतं व्हायचं. म्हणजे ९ मिलिमीटर हाडाला ६ चं इम्प्लांट. हा हिशोब तोंडपाठ असलेला डॉक्टर मला 'बसेल हो, काळजी करू नका' म्हणणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

रुंदीही विचारा. इम्प्लांटच्या दोन्ही बाजूंना किमान १ ते १.५ मिलिमीटर हाड उरायला हवं. म्हणजे ४ मिलिमीटर व्यासाच्या इम्प्लांटला ६ ते ७ मिलिमीटर रुंदी लागते. उंची कमी आणि रुंदी भरपूर असेल तर आखूड इम्प्लांटचा विचार करायला हरकत नाही. दोन्ही कमी असतील तर आखूड इम्प्लांट हे उत्तर नाही, निदान एकट्याने तरी नाही.

वरच्या जबड्यात नियम थोडे सैल असतात, कारण सायनसचा तळ म्हणजे नस नव्हे. ५-६ मिलिमीटर हाड असेल तर ६ चं इम्प्लांट, गरज पडली तर इम्प्लांटच्याच भोकातून सायनसचं अस्तर किंचित वर सरकवून बसवता येतं. २-३ मिलिमीटरच असेल तर बाजूने खिडकी करून सायनस उचलणं आणि ग्राफ्ट भरणं, हा सरळ मार्ग. पण वरच्या मागच्या भागातलं हाड स्वभावतःच मऊ असतं, थर्मोकोलसारखं. म्हणून उंचीच्या आकड्याबरोबर 'हाड कसं आहे?' हेही विचारा.

दुसरी पायरी: ग्राफ्ट की आखूड?

ग्राफ्ट करून हाड वाढवायचं, मग लांब इम्प्लांट बसवायचं, हा जुना आणि सिद्ध मार्ग आहे. त्याची किंमत वेळात आणि त्रासात मोजावी लागते: एक जादा शस्त्रक्रिया, अनेकदा सहा ते नऊ महिने थांबणं, सूज, आणि ग्राफ्ट उघडा पडण्याची किंवा सायनसचं अस्तर फाटण्याची शक्यता. आखूड इम्प्लांटमध्ये आहे त्या हाडात काम भागवायचं असतं.

टिकण्याचं काय? २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात ६ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड इम्प्लांट एक ते पाच वर्षांत सरासरी ९६ टक्के टिकलेली आढळली, लांब इम्प्लांट ९८ टक्के. फरक फार नाही. मात्र सरासरीमागचा पल्ला पाहा: आखूड इम्प्लांटमध्ये काही अभ्यासांत १०० टक्के, तर एखाद्यात ८७ च्या आसपास. लांब इम्प्लांटचे आकडे ९५ च्या खाली गेले नाहीत. मी याचा अर्थ असा लावते की चांगल्या हातात आणि योग्य रुग्णात आखूड इम्प्लांट लांबाच्या तोडीचं चालतं, पण हलगर्जी झाली तर ती पोटात घालण्याइतकं हाड त्याच्याजवळ नसतं.

माझं मत विचाराल तर, खालच्या दाढांच्या जागी नसेवर ८-९ मिलिमीटर हाड असेल तर मी आखूडच सुचवते. त्या भागात उंचीला हाड वाढवणं भलतं हट्टी काम आहे. समोरच्या, हसताना दिसणाऱ्या दातांना मात्र आखूड इम्प्लांट क्वचितच शोभतं. हाड वर गेलेलं असतं, मग कॅप घोड्याच्या दातासारखी लांब दिसते. तिथे हाड आणि हिरडी भरून काढण्यावर खर्च केलेला बरा. सगळेच दात गेलेले असतील तर तिरकी इम्प्लांट बसवून अख्खी पंक्ती देण्याचा मार्गही आहे, आणि शेजारचे दात आधीच कॅप केलेले असतील तर त्यांच्याच आधाराने बसवलेला साधा ब्रिजही विचारात घ्यावा. इम्प्लांट बसलंच पाहिजे असं काही नाही.

तिसरी पायरी: शस्त्रक्रियेआधी शरीर

गोळ्यांची पूर्ण यादी घेऊन जा, आयुर्वेदिक आणि पूरक गोळ्यांसकट. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं विशेष महत्त्वाची, पूर्वी घेऊन बंद केली असली तरीही सांगा. त्यातल्या काही औषधांनी जबड्याचं हाड भरून येण्यात अडथळा येऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. ते दाताचे आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील. मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, ताजा अहवाल हवा. डोक्या-मानेला किरणोपचार झाले असतील तर ते सगळ्यात आधी सांगा.

सिगारेट आणि तंबाखू यांबाबत मी सवलत देत नाही. लांब इम्प्लांटलाही धूर सोसत नाही, आखूडला तर नाहीच. हिरड्यांचा आजार असेल तर आधी तो निस्तरायचा. रात्री दात खात असाल तर तेही सांगा. तुम्हाला माहीत नसेल, पण घरच्यांना आवाज येत असतो.

शस्त्रक्रियेचा दिवस

एका इम्प्लांटला बहुतेक वेळा तासाभराच्या आत काम उरकतं. जागेवर भूल देतात. दुखत नाही, पण दाब जाणवतो आणि ड्रिलची घरघर थेट कवटीत घुमते. हे आधी सांगितलं नाही तर माणसं घाबरतात. खालच्या जबड्यात काम चालू असताना ओठात अचानक विजेसारखी कळ आली तर लगेच हात वर करा. बोलायचा प्रयत्न नको, हातच.

हाड उष्णतेला नाजूक असतं. ४७ अंश सेल्सियस तापमान एक मिनिट जरी राहिलं तरी त्यातल्या पेशी दगावतात. म्हणून ड्रिल बेताच्या वेगाने, धारदार पात्याने आणि सतत थंड सलाइनच्या धारेखाली चालवतात. मधूनमधून ड्रिल बाहेर काढून पुन्हा आत घालताना दिसलं तर ते काही अडलं म्हणून नाही, हाड थंड ठेवण्यासाठी आहे. आखूड इम्प्लांटसाठी ड्रिलवर खोलीची कडी चढवतात, म्हणजे ठरलेल्या खोलीपलीकडे ते जाऊच शकत नाही. "स्टॉपर लावणार ना?" असं आधीच विचारायला काहीच हरकत नाही.

हाड मऊ असेल तर भोक मुद्दाम थोडं लहान ठेवतात, म्हणजे इम्प्लांट घट्ट बसतं. घट्टपणा दोन प्रकारे मोजतात: बसवताना लागलेला पीळ न्यूटन-सेंटिमीटरमध्ये, आणि कंपनांवरून काढलेला आयएसक्यू आकडा. ७० च्या वर आयएसक्यू असेल तर उत्तम, ६० च्या खाली असेल तर जपून. तुमचा आकडा लिहून घ्या, पुढे तुलनेला उपयोगी पडतो.

पहिली रात्र आणि पहिला आठवडा

बर्फाने बाहेरून शेक, मऊ आणि कोमट खाणं, जोराने चूळ भरायची नाही, स्ट्रॉने ओढून प्यायचं नाही. वरच्या जबड्यात सायनसजवळ काम झालं असेल तर काही दिवस नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. टाके साधारण ७ ते १० दिवसांनी निघतात.

खालच्या जबड्याच्या रुग्णांसाठी एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवण्याजोगी. भुलीचा असर काही तासांत उतरतो. रात्री झोपण्यापूर्वी आरशासमोर उभं राहा, कापसाची बारीक वात करा, डोळे मिटा आणि ती खालच्या ओठाच्या दोन्ही बाजूंना अलगद फिरवा. दोन्हीकडे सारखं जाणवलं तर निवांत झोपा. इम्प्लांट बसवलेल्या बाजूला काहीच कळत नसेल किंवा मुंग्या येत असतील तर 'आठवड्याने टाके काढायला जाणारच आहे, तेव्हा सांगू' असं करू नका. त्याच रात्री किंवा उजाडताच फोन करा. इम्प्लांट नसेवर दाबत असेल तर ते पहिल्या दिवसा-दीड दिवसात काढलं तरच नस सावरण्याची चांगली शक्यता असते. एवढ्यासाठी तरी डॉक्टरांचा रात्री उचलला जाणारा नंबर घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.

थांबायचे महिने

इम्प्लांट पहिल्या दिवशी घट्ट असतं ते पिळामुळे. पुढे जुनं हाड थोडं विरघळतं आणि नवं हाड टायटॅनियमला बिलगू लागतं. या अदलाबदलीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड उलट थोडी सैल होते. माणसाला मात्र तेव्हाच बरं वाटू लागलेलं असतं, सूज गेलेली असते आणि तो त्या बाजूने चावून पाहतो. पाहू नका. खालच्या जबड्यात साधारण दोन-तीन महिने, वरच्यात तीन-चार, असं धरून चाला. 'त्याच दिवशी दात' ही जाहिरात आखूड इम्प्लांटवरच्या एकट्या दाढेसाठी नाही.

कॅप: इथे निम्मं यश ठरतं

हाड खाली गेलेलं, म्हणजे चावण्याच्या पातळीपर्यंतचं अंतर जास्त. त्यामुळे आखूड इम्प्लांटवर उंच कॅप येते: ६ मिलिमीटरचा पाया आणि वर १० मिलिमीटरची इमारत. सरळ दाबाला ती पुरून उरते. बाजूच्या धक्क्याला ती तरफेसारखी वागते. म्हणून कॅपचा आकार मुद्दाम वेगळा करतात. चावण्याचा पृष्ठभाग मूळ दाढेपेक्षा अरुंद, त्यावरचे उंचवटे बसके. "माझी दाढ लहान का केली?" अशी तक्रार मी अनेकदा ऐकते. ती मुद्दामच लहान केलेली असते.

शेजारी शेजारी दोन आखूड इम्प्लांट असतील तर बरेच डॉक्टर त्यांच्या कॅप जोडून टाकतात, म्हणजे भार वाटला जातो. जोडलेल्या कॅपखालून बारीक ब्रश जाईल एवढी फट हवी. ती कॅप बसवतानाच आरशात दाखवून घ्या आणि ब्रश तिथेच स्वतः घालून पाहा. शेवटच्या इम्प्लांटच्या पुढे अधांतरी दात लटकवायला मी तरी तयार होत नाही.

कॅप स्क्रूने बसवणार की सिमेंटने, हे विचारा. सिमेंट हिरडीखाली उरलं तर तिथे पू होऊ शकतो. स्क्रूची कॅप हवी तेव्हा काढता येते. जमत असेल तर स्क्रू. शेवटी रंगीत कागद चावायला देतात, तेव्हा घाई करू नका. दात डावी-उजवीकडे घासून पाहा. बाजूला सरकताना कॅपवर ठसा उमटला तर तो उतरवून घ्यायचा. रात्री दात खाणाऱ्यांना नाइट गार्डही त्याच वेळी करून घ्यावा. नंतर तो राहूनच जातो.

पुढची वर्षं

इम्प्लांटभोवती ३ मिलिमीटर हाड झिजलं असं समजा. १२ मिलिमीटरच्या इम्प्लांटची पाव पकड गेली, ६ च्या इम्प्लांटची निम्मी. म्हणून आखूड इम्प्लांटवाल्याने हिरडीतून येणारं रक्त 'ब्रश जरा जोरात लागला' म्हणून सोडून द्यायचं नाही. इंटरडेंटल ब्रश रोज, आणि वर्षातून किमान दोनदा तपासणी, सुरुवातीला त्याहूनही लवकर लवकर.

कॅप बसली त्याच दिवशी त्या जागेचा एक छोटा एक्स-रे काढून घ्या आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. पुढचा प्रत्येक एक्स-रे त्याच्याशेजारी ठेवून पाहायचा. तुलनेला काहीच नसेल तर 'हाड थोडं खाली दिसतंय' या वाक्याला अर्थ उरत नाही. कॅप हलायला लागली तर घाबरू नका, बहुतेक वेळा आतला स्क्रू सैल झालेला असतो. पण त्या बाजूने चावणं बंद करा, कारण सैल स्क्रूवर चावत राहिलं की तो तुटतो, आणि तुटलेला स्क्रू काढणं हे वेगळंच प्रकरण आहे.

इम्प्लांटच्या डबीवर एक स्टिकर असतं. कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर. ते फाइलमध्ये लागतं, पण तुम्हीही मोबाइलवर त्याचा फोटो काढून घ्या. दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला आणि तोवर डॉक्टर बदललेले असले, तर कोणता स्क्रूड्रायव्हर लागणार हे त्या फोटोवरूनच कळेल.